वरचा पट्टा काळा

आमच्या घरात एका फोटोवरून गेली निदान वीस वर्षं वाद चालू आहे. वाद म्हणजे डोकी फुटतील असा नाही. चतुर्थीला सगळे जमतात, आरत्या होतात, जेवणं होतात, मग नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा फिरायला लागला की कुणालातरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आठवते, ट्रंक खाली येते, त्यातनं जुन्या लग्नपत्रिका, कुणाचीतरी मार्कलिस्ट, दोन-चार नाणी असं सगळं निघत निघत शेवटी तो फोटो हाताला लागतो आणि दुपारची झोप सगळ्यांचीच जाते.

फोटो तळहाताएवढा, ब्लॅक अँड व्हाइट, नक्षीदार कातरलेल्या कडांचा. आमचं फोंड्याकडचं जुनं घर, अंगणात तुळस, बाजूला केळी, चिऱ्याच्या पायऱ्यांवर आजी-आजोबा आणि पाच-सहा पोरं, आणि तुळशीच्या शेजारी पोफळीचं खोड उभं करून त्यावर झेंडा. मागे आजोबांच्या अक्षरात २६-१-६२. म्हणजे गोवा मुक्त होऊन जेमतेम सव्वा महिना, आमच्याकडचा पहिला प्रजासत्ताक दिन. मुंबईला नोकरी करणारे थोरले काका रस्ते मोकळे झाल्याबरोबर डबा कॅमेरा घेऊन गावी आले होते, फोटो त्यांनीच काढलाय, म्हणून फोटोत ते नाहीत.

तर झेंडा कसा आहे, वरचा पट्टा जवळजवळ काळा, मधला पांढरा, खालचा फिका राखाडी. चक्र नाही. बस, एवढंच, आणि एवढ्यावर आमच्या घराण्यात दोन पक्ष पडलेत. माझा चुलतभाऊ इंजिनिअर आहे, त्याचं म्हणणं सरळ आहे की केशरी फिका रंग, हिरवा गडद, मग काळा पट्टा हिरवा असणार आणि तो वर आहे, म्हणजे आजोबांनी आनंदाच्या भरात झेंडा उलटा लावला. आत्या, जी फोटोत डावीकडून दुसरी, दहा वर्षांची, नाकात बोट घालून उभी आहे, तिला हे अजिबात चालत नाही. "आमच्या बाबांनी झेंडा उलटा लावला म्हणणाऱ्यान आधी आपला शर्ट सुलटो घालचो," असं ती अर्धं मराठी अर्धं कोंकणी बोलते. आमच्याकडे हे असंच, बोलायचं कोंकणीत, पेपर वाचायचा मराठीत आणि भांडायचं दोन्हीत.

मी इतकी वर्षं नेवऱ्या खात गप्प होतो. पण दोन वर्षांपूर्वी मला फिल्म कॅमेऱ्याचं वेड लागलं. सेकंडहँड कॅमेरा घेतला, रोल ऑनलाइन मागवले (किंमत घरात सांगितलेली नाही) आणि म्हापशातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांना गाठलं, ज्यांनी डार्करूमची खोली अजून मोडली नव्हती, नुसती पोती ठेवायला वापरत होते. पोती बाहेर काढली, ट्रे धुतले, लाल बल्ब लावला आणि त्यांनी मला फोटो धुवायला शिकवलं. धुणे हा शब्द किती बरोबर आहे हे तिथे कळलं. आधी डेव्हलपर, मग साधं पाणी, मग चित्र पक्कं करणारं हायपो, मग परत पाणी, पाणी, पाणी. लुगडी धुण्यापेक्षा जास्त वेळ.

पहिल्याच दिवशी मी बावळटासारखा प्रश्न विचारला होता की इथे उजेड नको म्हणता मग हा लाल दिवा कसा चालतो. काका म्हणाले, कागदाला लाल दिसत नाही. त्याच्या लेखी लाल म्हणजे काळोख.

मी घरी येईपर्यंत, म्हणजे म्हापसा ते फोंडा मधलं ट्रॅफिक धरून दीड तास, तेच डोक्यात घोळत होतं. लाल म्हणजे काळोख. म्हणजे ज्या फिल्मला लाल दिसत नाही तिच्यावर आपला झेंडा काढला तर?

नंतर काकांकडून आणि वाचून हळूहळू समजलं ते असं. अगदी सुरुवातीच्या प्लेटांना फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. १८७३ साली फोगेल नावाच्या जर्मन माणसाला सापडलं की त्या चांदीच्या मसाल्यात ठरावीक रंग मिसळला तर त्याला हिरवाही कळायला लागतो. ती ऑर्थो फिल्म. लाल मात्र तिलाही कळत नव्हता, त्यासाठी पुढे पॅनक्रोमॅटिक आली, जी आपल्याला माहीत आहे आणि जिच्यावर केशरी फिका येतो आणि हिरवा गडद, चुलतभाऊ म्हणतो तसा. पण ऑर्थोवर सगळा कारभार उलटा. केशरी काळपट, हिरवा उजळ, निळं आभाळ पांढरंफटक, आणि माणसांचे ओठ असे काळे की सगळं गाव विडे खाऊन फोटोला बसलंय. आणि ही ऑर्थो काही फार जुनी गोष्ट नाही, कोडॅकचा घरोघरी वापरला जाणारा व्हेरिक्रोम रोल १९५६ पर्यंत ऑर्थोच होता, मग त्याचा व्हेरिक्रोम पॅन झाला. थोरल्या काकांची काटकसर सगळ्या गावाला ठाऊक होती, जुना पडून राहिलेला रोल स्वस्तात मिळत असेल तर ते नवा घेणार नाहीत ही माझी खात्री.

म्हणजे तोच झेंडा, तेच अंगण, तीच सकाळ, आणि आतला रोल कुठला आहे त्यावर ठरणार की आजोबा शहाणे की वेंधळे. मला हे फार मजेशीर वाटलं आणि थोडं भीतीदायकही, कारण शाळेपासून आपण झेंडा रंगांनी शिकलो, केशरी त्यागाचा वगैरे निबंधात लिहून मार्क मिळवले, आणि रंग काढून घेतल्यावर हातात काय उरतं, तर तीन पट्टे, ज्यांतला कुठला वरचा हेपण सांगता येत नाही.

त्यानंतर मी चाळाच लावून घेतला. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावरच्या झेंड्याचा फोटो मोबाइलवर काढला आणि एका ॲपमध्ये काळा-पांढरा केला. त्यात प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी असते, केशरीची पट्टी डावीकडे ओढली की वरचा भाग कोळशासारखा, उजवीकडे ओढली की दुधासारखा, इतका की मधल्या पांढऱ्यात मिसळून जातो आणि झेंडा दोनच पट्ट्यांचा दिसायला लागतो. लाल फिल्टर लावून फिल्मवर काढला तरी हेच होतं. स्टुडिओवाले काका म्हणाले, झेंडा काढायचा तर फिल्टर घरी ठेव, उगाच केस होईल. तेवढ्यात मला नायजर देशाचा झेंडा आठवला, केशरी-पांढरा-हिरवा आडवे पट्टे आणि मधोमध केशरी गोळा, तो शोधून काळा-पांढरा केला आणि चुलतभावाला पाठवला, हा कुठला सांग. त्याने उत्तर दिलं, आपलाच, पण उलटा आहे की सुलटा ते बघावं लागेल. असो.

मग पोर्तुगालचा. आता तो कुठे मिळणार, म्हणाल तर गोव्यात वर्ल्डकप आला की काय मिळत नाही, ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगाल सगळे नाक्यानाक्यावर लटकलेले असतात. (रोनाल्डोचा पुतळा कळंगुटला बसवला तेव्हा, डिसेंबर २०२१, मुक्तीला नुकतीच साठ वर्षं झालेली असताना, काही लोकांनी काळे झेंडे दाखवले होते, काही सेल्फी काढत होते. मी दोन्हीकडच्यांना ओळखतो, काही तर तेच लोक आहेत.) तर पोर्तुगालचा हिरवा-लाल झेंडा, १९१० मध्ये राजा गेला आणि १९११ ला हा ठरला, त्याआधीचा निळा-पांढरा होता. मोबाइलवर काळा-पांढरा केला तर हिरवा आणि लाल शेजारशेजारचे करडे होतात, त्यांची शिवण शोधावी लागते. उरतो तो मधला गोल, खलाशांचं ते कड्याकड्यांचं यंत्र, त्यावर ढाल, ढालीत सात किल्ले आणि पाच छोट्या ढाली. आपल्या झेंड्याची ओळख रंगात, यांची ओळख आकारात, असं म्हणून मी स्वतःवर खूश झालो होतो, मग लक्षात आलं की आपल्याकडे चक्र आहे. आहे, पण ते झेंडा नीट फडकत असेल तर. वारा पडला की घडीत जातं.

चक्रावरून आठवलं. सेहेचाळीस साली, १८ जूनला, मडगावात लोहियांनी सत्याग्रह सुरू केला. त्या काळातला तिरंग्याचा फोटो समोर आला तर मी आता आधी मधला भाग बघतो, कारण तेव्हा काँग्रेसच्या झेंड्यावर चरखा होता आणि अशोकचक्राचा झेंडा ठरला २२ जुलै १९४७ ला. पुसट फोटोत चरखा आणि चक्र ओळखणं सोपं नाही, दोन्हीत चाक आहेच, पण चरखा लांबट आणि एका बाजूला जड, चक्र चहूबाजूंनी सारखं. एवढं कळलं तरी फोटोची तारीख एका बाजूला ढकलता येते. नाहीतर तारखांचं काय, लाल किल्ल्यावर नेहरूंनी पहिल्यांदा झेंडा लावला तो १६ ऑगस्टला, पण त्या फोटोंखाली बिनदिक्कत १५ लिहिलेलं असतं. होमाई व्यारावाला त्या दिवसांत दिल्लीत सगळीकडे कॅमेरा घेऊन होत्या, आपल्या पहिल्या प्रेस फोटोग्राफर बाई, साडी नेसून आणि ते अवजड कॅमेरे खांद्याला लावून. त्यांच्या फोटोंत झेंडा करडाच आहे आणि बघताना आपल्याला तो कधी करडा वाटत नाही. केशरी आपण आपल्या खिशातला घालतो.

हे खिशातनं घालणं सिंहांच्या बाबतीत करावं लागत नाही. ट्रंकेत दोन नाणी आहेत, एक पोर्तुगीज काळातला एस्कुडो, आमच्याकडे १९५८ ला रुपिया जाऊन एस्कुडो आला, आणि एक दहा नये पैशांचं, कडेला पाकळ्या पाकळ्या असलेलं. एकावर त्यांची ढाल, दुसऱ्यावर आपले सिंह. दोन्ही रंगाने सारखीच. मी ती खिडकीत ठेवून फोटो काढला, सकाळचं तिरकं ऊन होतं, आणि दोन्ही फोटोत जशीच्या तशी आली, काही हरवलं नाही. सारनाथचा तो मूळ स्तंभही चुनारच्या वालुकाश्माचा, त्याला कुणी रंग दिलेला नाही, नुसती घासून घासून आणलेली झिलई. दगड आणि धातू मुळातच ब्लॅक अँड व्हाइट असतात, त्यांचं सगळं सावलीवर चालतं. पंचाईत होते ती कापडाची.

आणि कापडात मला जे दिसायला लागलं ते रंगीत फोटोत कधी दिसलं नव्हतं. रंग गेल्यावर डोळा दुसरं काहीतरी शोधतो. शाळेवरचा खादीचा झेंडा उन्हाच्या तिरपेत काढला तर सूत दिसतं, कुठे जाड कुठे बारीक, आणि त्याच्या बाजूला काठीकडची ती जाड पट्टी, खादीचीच पण वेगळ्या विणीची, रंगाने मातकट. हे झेंडे हुबळीजवळ बेंगेरीत बनतात. आमच्याकडनं लोंढ्यावरनं गाडीत बसलं की हुबळी येतेच, पण मी इतक्या वेळा त्या बाजूला गेलो आणि पेढे घेऊन परत आलो, बेंगेरी कधी बघितली नाही. झेंड्याच्या कापडाचं भारतीय मानक आहे, त्याचा नंबर एक. आयएस १. बाकी सिमेंट, सळ्या, कुकर सगळे नंतर. २०२१ च्या डिसेंबरात नियम बदलला आणि पॉलिस्टरचे, मशीनवरचे झेंडेही चालायला लागले. माझ्या स्कूटरवरचा पॉलिस्टरचाच आहे. पण फोटोत तो चमकतो, घडीघडीवर पांढरे चट्टे येतात, पत्र्याचा असल्यासारखा. खादी ऊन पिते. पॉलिस्टर ऊन परत फेकतं. हे माझं वैयक्तिक मत, पावसात मात्र पॉलिस्टर अर्ध्या तासात सुकतं आणि खादी श्रावण संपेपर्यंत सुकत नाही हेही खरं.

हे सगळं ज्ञान गोळा करून मी गेल्या चतुर्थीला तयारीनिशी गेलो. फोटो स्कॅन केलेला, लॅपटॉपवर मोठा केलेला. मूळ फोटोवर गडद भागात चांदी वर येऊन आरशासारखी निळसर झाक आलीय आणि एका कोपऱ्यात बुरशीची नक्षी, आपल्या हवेत हे व्हायचंच, पण स्कॅनमध्ये बरंच दिसतं. युक्ती अशी होती की झेंड्याचा रंग माहीत नसेल तर फोटोतली अशी वस्तू शोधायची जिचा रंग नक्की माहीत आहे. मी सभेला सांगितलं, केळीची पानं बघा. पानं उजळ आली होती. चिऱ्याच्या पायऱ्या बघा, तांबडा चिरा, काळाकुट्ट. आभाळ बघा, कोरं. आणि मग मी आजीच्या कपाळावर झूम केलं. कुंकू एवढं मोठं, रुपयाएवढं लावायची ती, आणि ते काळं, डांबराचा ठिपका लावल्यासारखं काळं. मी म्हणालो, रोल ऑर्थो आहे. लाल तो काळा. म्हणून वरचा पट्टा केशरी आणि झेंडा सुलटा. आणि चक्र दिसत नाही कारण निळा यात पांढरा होतो.

चुलतभाऊ बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. पायऱ्या पावसाने शेवाळून काळ्या पडल्या असतील असा एक प्रयत्न त्याने केला, मी म्हटलं जानेवारीत कसलं शेवाळ. तो गप्प झाला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

मी आत्याकडे बघितलं, म्हटलं आता ही खूश होईल. आत्या नेवरी मोडत होती.

"केशरी खंय रे," ती म्हणाली. "केशरी कापड कुठून आणणार होते त्या वेळी, आणि कोण देणार होता? आवयचं तांबडं लुगडं होतं, विरलेलं, त्याचा पदर कापला. पांढरा बाबांच्या धोतराचा. आणि हिरवा," इथे ती थांबली आणि बासष्ट सालचा राग चौसष्ट वर्षांनी तिच्या तोंडावर जसाच्या तसा आला, "हिरवा माझ्या परकराचा. पोपटी. शिगम्याला शिवायचा म्हणून ठेवलेलं कापड. मला न विचारता घेतलं. मी दोन दिवस जेवले नाही."

म्हणजे तांबडं आणि पोपटी. हे दोन रंग कुठल्याही रोलवर काढा, ऑर्थोवर काढा, पॅनवर काढा, तांबडं गडद येणार आणि पोपटी उजळ येणार. माझा फोगेल, माझा व्हेरिक्रोम, आजीचं कुंकू, दीड तासाचं ट्रॅफिक, कशाचीच गरज नव्हती. फक्त आत्याला विचारायचं होतं. आम्ही वीस वर्षं तिला झेंडा उलटा की सुलटा हेच विचारत होतो, कापड कुठलं हे एकानेही विचारलं नव्हतं.

"आणि चक्र?" मी विचारलं, काहीतरी पदरात पडावं म्हणून.

"काढलं होतं तर. वाटी ठेवून, नीळ कालवून. कपड्याची नीळ. मास्तर आरे मोजत होते, चोवीस बसेनात, बाबा म्हणाले असू दे, लांबून कोण मोजतो."

नीळ. पांढऱ्या धोतरावर पातळ निळीने काढलेलं चाक, ते त्या रोलवर दिसणं शक्यच नव्हतं. निदान एवढं तरी माझं बरोबर निघालं, मी चुलतभावाकडे बघितलं, पण तो एव्हाना मोबाइलवर दुसरंच काही करत होता. फोटोचा फोटो काढून त्याने रंग भरणाऱ्या एका ॲपमध्ये घातला होता, आणि अर्ध्या मिनिटात रंगीत फोटो आला. केळी हिरव्या, पायऱ्या सिमेंटच्या रंगाच्या, आजोबांचं धोतर पिवळसर, आजीचं कुंकू काळंच, आणि झेंडा वर चॉकलेटी, खाली आकाशी.

मोबाइल हातोहात फिरत आत्याकडे गेला. तिने चष्मा लावला, झेंड्याकडे बघितलंही नाही, डावीकडून दुसऱ्या पोरीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, परकर गुलाबी दाखवलाय, माझ्याकडे गुलाबी नव्हताच.